मुकी लग्नं

घाटकोपर पूर्वेच्या त्या वस्तीतलं एखादं लग्न खंडू पाईकरावच्या कॅमेऱ्यातून सुटलं असेल तर ते पळून जाऊन केलेलं असणार, असं लोक म्हणत. आणि पळून गेलेलेसुद्धा घरच्यांचा राग निवळला की विहारात येऊन रीतसर विधी करत, तेव्हा कोपऱ्यात कॅमेरा घेऊन खंडू उभा असायचाच.

परभणीकडून बापाचं बोट धरून मुंबईत आलेला हा माणूस. बाप विक्रोळीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. खंडूला दहावीत गणिताने दगा दिला तेव्हा बापाने आधी दोन थोबाडीत दिल्या आणि मग त्याला गल्लीतल्या एका व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या हाताखाली दिलं. काम काय, तर लग्नात लाइट धरायचा. तो लाइट असा तापायचा की नवरा-नवरीच्या तोंडावरची पावडर ओघळायची आणि वऱ्हाडातल्या बायका शिव्या घालायच्या खंडूला. काही सीझन त्या शिव्या खाऊन तो कॅमेऱ्यामागे गेला, पुढे स्वतःचा कॅमेरा घेतला, घराच्या पोटमाळ्यावर कॉम्प्युटर मांडला. साखरपुडा, लग्न, नामकरण, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, जयंतीची मिरवणूक, सगळं त्याच्या कॅसेटींत जमा होत गेलं.

लग्नाच्या व्हिडिओची एक रीत इथेच सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. लग्नातला खरा आवाज कुणालाच नको असायचा. हॉलमधला कलकलाट, किरकिरणारी पोरं, ‘ए, दुसरी पंगत बसव रे’ म्हणून ओरडणारा कुणाचा तरी मामा, हे घरी बसून कोण ऐकणार? म्हणून मूळ आवाज काढून टाकायचा आणि वर सिनेमातली गाणी चढवायची. याला धंद्यात मिक्सिंग म्हणतात. हार घातले की शहनाई, नवरी निघाली की ठरलेलं रडकं गाणं. लोक खूश, शूटिंगवाला खूश. खरं सांगायचं तर हा शुद्ध अडाणीपणा होता, पण सगळी मुंबई मिळून करत होती, त्यामुळे तो कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हता.

खंडूची बायको शेवंती. लग्नाआधीपासून ती साकीनाक्याच्या एका गाळ्यात पत्र्याच्या डब्यांवर रंगाचा फवारा मारायचं काम करायची. त्या रंगाने तिची छाती पुढे कायमची अधू झाली. जिना चढली की धाप लागायची. पण आवाज असा, की विहारात तिने त्रिसरण सुरू केलं की बाहेर चपला काढणारेही घाईने आत येत. हळूहळू वस्तीतल्या लग्नांत शेवटच्या आशीर्वादाच्या गाथा शेवंतीनेच म्हणायच्या, असं ठरूनच गेलं. दर रविवारी सकाळी ती विहारात मुलींना गाथा शिकवायची. पाली भाषा काही तिने शाळेत शिकलेली नव्हती. सगळं ऐकून पाठ केलेलं.

तिच्या म्हणण्यात एक खोट होती. गाथांच्या मधोमध एका ओळीत तिचा दम पुरायचा नाही. ऐन शब्दाच्या पोटात ती थांबायची, पदर छातीशी धरायची, श्वास घ्यायची आणि मग उरलेला शब्द म्हणायची. लग्नाचे विधी लावणारे बौद्धाचार्य कांबळे गुरुजी शिस्तीचे. ते दर वेळी म्हणायचे, “शेवंताबाई, तिथे थांबायचं नाही हो. शब्द तुटतो.”

“तुटू दे की गुरुजी,” शेवंती हसून म्हणायची. “शब्द तुटला तर जोडता येईल. मी तुटले तर कोण जोडणार?”

चेतना ही त्यांची एकुलती एक लेक. ती कॉलेजात होती तेव्हाच शेवंतीने एकदा पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं होतं, “तुझ्या लग्नात मी काय गाथा म्हणणार नाय हां. मला रडू फुटेल आणि सगळ्याची वाट लागेल. तुझ्या पप्पाकडं माझं चिक्कार शूटिंग पडलंय, त्यातलंच लाव. मी आपली पुढं बसून निवांत रडीन.”

ती पुढे बसायला राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता तिच्या छातीने अखेर दगा दिला. आणि या वर्षी चेतनाचं लग्न ठरलं, मुलुंडच्या एका मुलाशी. चेतनाने बापाजवळ मागितलं ते एवढंच.

“पप्पा, हॉलवाल्याला पेन ड्राइव्ह द्यायचाय. आईच्या गाथा काढून ठेवा ना. तिनेच सांगितलं होतं.”

“अगं, एक काय मागतेस? ढिगाने आहेत. तूच ऐकून निवड,” खंडू म्हणाला. बायको गेल्यापासून इतक्या जोरात तो पहिल्यांदाच बोलला असेल. आपल्याजवळ लेकीला द्यायला काहीतरी आहे, याचं त्याला बरं वाटलं होतं.

रविवारी दुपारी त्याने मुद्दाम नवा स्पीकर आणून पोटमाळ्यावरच्या कॉम्प्युटरला जोडला, हार्ड डिस्क लावली आणि एक जुनं लग्न उघडलं. पडद्यावर शेवंती आली. निळी साडी, हातात फुलांच्या पाकळ्या, ओठ हलताहेत. आवाज नाही. खंडूने वायर काढून पुन्हा लावली. मोबाइलवरचं एक गाणं लावून पाहिलं, तर स्पीकर दणदणीत वाजला. त्याने दुसरं लग्न उघडलं, तिसरं उघडलं. नामकरणं, साखरपुडे, जयंत्या. सगळीकडे माणसं तोंडं हलवत होती, ढोल बडवत होती, हसत होती, आणि पोटमाळ्यावर फक्त पंख्याची घरघर होती. शेवटी त्याने फाइलची माहिती उघडली. चित्राची सगळी माहिती जागच्या जागी होती. आवाजाच्या जागी काहीच नव्हतं.

मग त्याला आठवलं.

चेतना बारावीला होती ते वर्ष. कॅसेटींना दमट हवेने बुरशी धरली होती. कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेल्या जुन्या फाइली अवाढव्य, आणि नव्या टीव्हीवर, मोबाइलवर त्या चालेनात. डिस्का गळ्यापर्यंत भरलेल्या, त्यातली एक तर टकटक आवाज करू लागलेली. मुलुंडच्या एका शूटिंगवाल्याची डिस्क बसली आणि त्याची सगळी कमाई एका दिवसात गेल्याचं नुकतंच कानावर आलं होतं. खंडूने शहाणपणा करायचा ठरवलं. सगळ्या फाइली आजच्या फॉर्मॅटमध्ये बदलून घ्यायच्या, लहान करायच्या आणि एका नव्या डिस्कवर सुखरूप ठेवायच्या. एकेक फाइल बदलत बसलं तर जन्म जायचा, म्हणून त्याने बॅच लावली. म्हणजे सगळ्या फोल्डरांची रांग लावून द्यायची, काय हवं ते एकदाच सांगायचं, आणि मग कॉम्प्युटर रात्रंदिवस आपला दळत बसतो.

काय हवं ते सांगायची जागा आली तेव्हा त्याने हाताच्या सवयीने आपलं रोजचं सेटिंग निवडलं. ते त्यानेच करून ठेवलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं ‘लग्न’. रोज मिक्सिंगला बसताना प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा काढत बसायचा त्रास नको, म्हणून त्या सेटिंगमध्ये आवाज कायमचा बंद होता. बॅच दिवसेंदिवस चालली. त्याच खोलीत खाली चेतना अभ्यासाला बसायची, म्हणून त्याने स्पीकरच्या वायरी उपटून ठेवल्या होत्या. झाल्यावर पाच-सहा फाइली उघडून पाहिल्या. चित्र स्वच्छ, हलतंय छान. जागा हवीच होती. मूळ फाइली उडवायच्या का, असं कॉम्प्युटरने विचारलं, आणि याने हो म्हटलं. बुरशीच्या कॅसेटी भंगारवाल्याने पोत्यात भरून नेल्या. त्या संध्याकाळी शेवंतीने चहा हातात देत विचारलं होतं, “झालं एकदाचं? राहिलं ना सगळं?” आणि तो म्हणाला होता, “एकूण एक.”

त्या बॅचनंतर काढलेल्या लग्नांचं मूळ शूटिंग तर तो काम पोचवलं की उडवूनच टाकायचा. पुढचा आठवडा तो वणवण फिरला. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन डीव्हीडी मागून आणल्या; सगळ्यांवर त्याचीच गाणी चढवलेली. शेवंती गाथा म्हणतेय आणि वर कोणी पार्श्वगायिका प्रियकराची वाट बघतेय. लोकांच्या मोबाइलांत हळदीचा नाच होता, गाथा कुणीच काढल्या नव्हत्या. साकीनाक्याला उडालेला डेटा परत काढून देणारा एक जण होता. त्याने जुनी डिस्क तपासून नकारार्थी मान हलवली. तिच्यावर त्यानंतर इतक्या वेळा नवं भरलं गेलं होतं की जुन्याचा मागमूस उरला नव्हता. मग तो विकीकडे गेला. विकी हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला, आता वस्तीतली बहुतेक कामं तोच करायचा.

“काका, रॉ शूटिंग कोण ठेवतं यार?” विकी म्हणाला. “डिलिव्हरी दिली की उडवायचं. तुम्हीच शिकवलंत ना?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

लेकीला सांगणं भाग होतं. चेतना मुलुंडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. ती घरी आली, हातपाय धुऊन बसली, आणि त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं. कोणतं सेटिंग, का ठेवलं होतं, कसं लागलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुम्ही चुकून नाही केलंत, पप्पा,” ती म्हणाली. “तुम्हाला आवाज कधी लागलाच नाही. आई गाथा म्हणायची तेव्हा तुम्ही कानाला हेडफोनसुद्धा लावायचा नाहीत. तुमचं लक्ष तिचा पदर फ्रेममध्ये येतो की नाही, तिकडे.”

“चेतना, अगं...”

“मी काय मोठं मागितलं होतं? सोनं मागितलं? हॉल मोठा घ्या म्हटलं? आईचं एवढंसं मागितलं, आणि ते पण तुम्ही पुसून टाकलंत. माझ्या अभ्यासाचं निमित्त करून.”

तिने मोबाइल काढला. आईचा एक निरोप तिने जपून ठेवला होता, एवढाच. तो तिने लावला. “चेतने, येताना कोथिंबीर आण गं. आणि जुडी आतून बघून घे, वरवर नको.” संपलं. चेतना ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. खंडूला रडूही येईना, कारण त्याला दुसरीच भीती बसली होती. तो एक निरोप कानावर पडेपर्यंत त्याला शेवंतीचा आवाज आठवत नव्हता. दिसत होती ती सगळी, नथीच्या भोकापासून पायाच्या भेगांपर्यंत. पण इतकी वर्षं जिच्याशी संसार केला ती गाथा कशी म्हणायची, ते त्याच्या कानात कुठेच शिल्लक नव्हतं. लेक बोलली ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच ते त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून चेतना कामापुरतं बोलू लागली. गाथांचा विषय निघाला की म्हणायची, “काही नको. गुरुजी म्हणतील तेवढं बस.”

खंडू मात्र रोज दुपारी पोटमाळ्यावर चढायला लागला. ती मुकी लग्नं तो एकामागून एक लावायचा, आणि जिथे शेवंती यायची तिथे थांबायचा. गाथा त्यालाही येत होत्या, जन्मभर ऐकलेल्या. तिच्या ओठांकडे पाहत तो हळू आवाजात त्या म्हणायला लागला. सुरुवातीला ताळमेळ बसेना. तो पुढे जायचा, ती मागे राहायची. मग त्याच्या लक्षात आलं. त्या एका ओळीत, शब्दाच्या मध्येच, ती थांबायची. हात पदरासकट छातीशी जायचा, खांदे वर व्हायचे, डोळे मिटायचे, आणि मग ओठ पुन्हा हलायचे. निळ्या साडीतल्या लग्नात तेच, पिवळ्या साडीतल्या लग्नात तेच. केस पिकत गेले तसा तो थांबा वाढत गेलेला दिसला. तिथे कॅमेऱ्यामागे तो स्वतः उभा होता. एवढ्या वेळा त्याने तिला दम लागताना जवळून टिपलं होतं, आणि एकदाही काम थांबवून पाणी नेऊन दिलं नव्हतं. आता मात्र तोही त्या जागी थांबू लागला, आणि मग त्याची गाथा तिच्या ओठांशी जुळू लागली.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा तो विहारात गेला. शेवंतीच्या पुण्यानुमोदनानंतर त्याने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. रविवारचा वर्ग आता शुभा घ्यायची, शेवंतीच्या पहिल्या मुलींपैकी एक, आता स्वतः दोन लेकरांची आई. वर्ग संपून मुली चटया गुंडाळत होत्या.

“शुभा, एक मागायला आलोय,” खंडू म्हणाला. “चेतनाच्या लग्नात तुम्ही गाथा म्हणाल का? शेवंतीचं रेकॉर्डिंग माझ्याकडनं गेलं. माझ्याच हातानं.”

“काका, हे काय मागणं झालं?” शुभा म्हणाली. “आम्ही म्हणणारच होतो. मावशीच्या लेकीचं लग्न आणि आम्ही गप बसू?”

चेतनाला त्याने सांगितलं. ती फक्त ‘बरं’ म्हणाली.

लग्नाच्या दिवशी खंडूच्या हातात पहिल्यांदाच कॅमेरा नव्हता. हातांचं काय करावं हे त्याला कळेना. कधी मागे बांधायचा, कधी कोटाची बटणं चाचपायचा. शूटिंग विकीकडे होतं. खंडूने त्याला सकाळीच बाजूला घेऊन बजावलं होतं, “माइक जवळ लाव. हेडफोन काढायचा नाही. आणि यावर गाणं चढवायचं नाही, समजलं?” विकीने ‘हो काका’ म्हटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय अशा चेहऱ्याने.

मेणबत्त्या लागल्या. कांबळे गुरुजींनी त्रिसरण, पंचशील दिलं, नवरा-नवरीने हार घातले. चेतना पांढऱ्या साडीत ताठ उभी होती, बापाकडे न बघता. शुभा आणि तिच्याबरोबरच्या बायका-मुली एका बाजूला उभ्या राहिल्या. काही खंडूने नामकरणात टिपलेल्या, काही त्याने लग्नात टिपलेल्या. त्यांनी गाथा सुरू केल्या. चाल शेवंतीचीच, पण आवाज अनेकींचा, कुणाचा बारीक, कुणाचा घोगरा. बरं म्हणत होत्या. चेतनाचा चेहरा तसाच कोरा होता.

आणि मग ती ओळ आली. शब्दाच्या मध्येच सगळ्या जणी थांबल्या. एकही पुढे गेली नाही. त्यांना कुणालाच दम लागला नव्हता. त्यातल्या काही तर धावायच्या शर्यतीत पळणाऱ्या पोरी होत्या. पण त्यांना शिकवणारीने त्या जागी थांबून शिकवलं होतं, आणि गाथा अशीच असते असं समजून त्यांनी ते पाठ केलं होतं. सगळ्यांनी मिळून श्वास घेतला, तो हॉलभर ऐकू आला. एवढी वर्षं त्या जागेवरून बोल लावणारे कांबळे गुरुजीही ओठ मिटून थांबले. खंडूचा स्वतःचा हात छातीशी गेला होता. उरलेला शब्द त्यांच्याबरोबर तोही म्हणाला, मोठ्याने.

चेतनाने मान वळवून बापाकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा ताठरपणा पार गळून गेला होता. “पप्पा, आई...” एवढंच ती म्हणाली आणि भर हॉलमध्ये हमसाहमशी रडायला लागली. शेवंती म्हणाली होती तसं सगळ्याची वाट लागली. नवऱ्याने खिशातला रुमाल काढून दिला, तोही कुणीतरी अत्तर लावून ठेवलेला, त्यामुळे तिचे डोळे आणखीच चुरचुरायला लागले. खंडू पुढे झाला आणि त्याने लेकीला जवळ घेतलं. पाकळ्या दोघांच्याही डोक्यावर पडत राहिल्या.

काही दिवसांनी चेतना पहिल्यांदा माहेरी आली त्या दुपारी विकी लॅपटॉप घेऊन आला. तिघं खाली चटईवर बसली. विकी खुशीत होता.

“काका, झकास आवाज आलाय. मानलं तुम्हाला,” तो म्हणाला. “फक्त एक प्रॉब्लेम आहे. इथे बघा. गाथेच्या मध्येच सगळ्या अडकल्यात. शब्द तुटतोय. एवढासा तुकडा कापून पुढचं जोडलं की कळणार पण नाही. कापू?”

त्याचं बोट बटणावर होतं. चेतना काही बोलणार, तेवढ्यात खंडूने पुढे वाकून विकीचा हात धरला.

“नको रे,” तो म्हणाला. “शेवंती तिथे श्वास घेते.”